हिशेबातला कचरा, हिशेबाबाहेरचा धूर

अणुऊर्जेवरची चर्चा फार वेळ चालली की शेवटी एका प्रश्नापाशी येते: बाकी सगळे मान्य, पण त्या कचऱ्याचे काय करणार? प्रश्न रास्त आहे. तो विचारणाऱ्याला अडाणी ठरवण्याची जी सवय काही तज्ज्ञांना आणि अधिकाऱ्यांना जडली आहे, तिने या विषयाचे काहीही भले झालेले नाही. मात्र हाच प्रश्न कोळशाला, डिझेलला किंवा नैसर्गिक वायूला सहसा कोणी विचारत नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची धुराडी मैलोगणती दिसतात, कोराडी आणि खापरखेड्याच्या राखेची तळी तर गावांच्या वेशीला येऊन टेकली आहेत; तरी ‘कोळशाच्या कचऱ्याचे काय’ हा सवाल निवडणुकीच्या सभेत किंवा घरातल्या वादात क्वचितच ऐकू येतो. या पुस्तकाचा विषय हा विषम न्याय आहे. वीज बनवल्यानंतर जे काही मागे उरते, ते घन असो, द्रव असो की वायू, त्याला एकच माप लावले तर हिशेब कसा दिसतो, हे पुढच्या प्रकरणांत तपशिलाने पाहायचे आहे. प्रस्तावनेचे काम त्या हिशेबाची चौकट उभी करणे, तिच्यामागचे पुरावे थोडक्यात मांडणे आणि वाचकाच्या मनात आधीच उभ्या असलेल्या आक्षेपांना सामोरे जाणे, इतकेच आहे.

आधी ती वस्तू नीट पाहू. कैगा, काकरापार, नरोरा येथल्या २२० मेगावॉटच्या भारतीय अणुभट्ट्यांत इंधन जुडग्यांच्या रूपात भरतात. एक जुडगे सुमारे अर्धा मीटर लांब आणि आठ-साडेआठ सेंटिमीटर जाड असते. झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या एकोणीस बारीक नळ्या एकत्र बांधलेल्या, आणि प्रत्येक नळीत युरेनियम ऑक्साइडच्या, भट्टीत भाजून टणक केलेल्या काळ्या गोळ्या ओळीने बसवलेल्या. वजन साधारण साडेसोळा किलो. नवे कोरे जुडगे माणसाला हातांनी उचलता येते. अणुभट्टीत ते साधारण सव्वा ते दीड वर्ष राहते आणि तेवढ्या काळात सहा लाखांहून अधिक युनिट वीज देते. म्हणजे महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या पाचशे घरांची वर्षभराची सोय. बाहेर काढले तेव्हा त्याचा आकार तोच असतो, वजनही जवळपास तेवढेच भरते. पण आता ते इतके तीव्र किरणोत्सारी झालेले असते की आडोशाशिवाय त्याच्याजवळ काही मिनिटे उभे राहणेही जिवावर बेतावे. हे सौम्य शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. वापरलेले अणुइंधन ही माणसाच्या हातून तयार झालेल्या सर्वांत घातक वस्तूंपैकी एक आहे. ती अतिशय घातक आहे आणि ती अतिशय थोडी आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. जनमानसात पहिले पक्के रुजले, दुसरे पोचलेच नाही.

आता तेवढीच वीज कोळशातून काढू. सहा लाख युनिटांसाठी चारशे टनांच्या आसपास कोळसा लागतो, म्हणजे मालगाडीच्या सात वाघिणी. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण तीस-चाळीस टक्के, त्यामुळे मागे सव्वाशे ते दीडशे टन राख उरते आणि सुमारे सहाशे टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. साडेसोळा किलोच्या एका जुडग्याच्या बदल्यात हा पसारा. मोठ्या आकड्यांतही प्रमाण असेच राहते. आपल्या बहुतेक अणुभट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात, म्हणून त्यांतून परदेशांतल्या समृद्ध युरेनियमच्या अणुभट्ट्यांपेक्षा कितीतरी पट जास्त वापरलेले इंधन निघते. तरीही १००० मेगावॉट क्षमतेमागे ते वर्षाला दीडशे टनांच्या घरात असते, आणि युरेनियम इतके जड की केवळ आकारमान पाहिले तर एवढा माल एका खोलीत मावेल. तेवढ्याच क्षमतेचे कोळशाचे केंद्र वर्षाकाठी पंधरा-वीस लाख टन राख टाकते. देशभरात ही राख वर्षाला पंचवीस कोटी टनांहून अधिक होते. तिच्यातली बरीचशी सिमेंटमध्ये, विटांत आणि रस्त्यांच्या भरावात वापरली जाते, हे मान्यच करायला हवे. पण उरलेली आणि आधीच्या अनेक वर्षांची साचलेली राख पाण्यात कालवून तलावांत सोडलेली असते. जुलै २०२२ मध्ये कोराडीजवळचा खसाळ्याचा राख बंधारा पावसात फुटला आणि राखेचा गाळ आसपासच्या ओढ्यांत आणि शेतांत शिरला. एप्रिल २०२० मध्ये सिंगरौली भागातल्या सासन येथे असाच बंधारा फुटून माणसे वाहून गेली. त्याच्याही आधी, २१ ऑक्टोबर १९६६ रोजी, वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावात कोळसा खाणीच्या मातीचा ढिगारा घसरून शाळेवर आला आणि ११६ मुलांसह १४४ जण गाडले गेले. कोळशाच्या कचऱ्याने घेतलेले बळी असे स्थळ-काळासह नोंदलेले आहेत. तरी ‘घातक कचरा’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर अ‍ॅबरफॅन येत नाही.

डोळ्यांसमोर येतो तो पिवळा पिंप आणि त्यातून ठिबकणारा हिरवट, चमकणारा द्रव. हे चित्र चित्रपटांनी आणि कार्टूनांनी दिले. प्रत्यक्षात वीजकेंद्रातून निघालेले इंधन घन असते. ते अणुभट्टीतून थेट खोल पाण्याच्या तलावात जाते. काही मीटर पाणी किरणांना पुरेसे अडवते, त्यामुळे तलावाच्या काठावर उभे राहून कर्मचारी रोजचे काम करतात. काही वर्षे तिथे निवल्यावर बहुतेक देशांत ते पोलाद आणि काँक्रीटच्या जाड पिंपांत ठेवतात. भारताने दुसरा मार्ग धरला. इथे वापरलेल्या इंधनातले युरेनियम आणि प्लुटोनियम रासायनिक प्रक्रियेने वेगळे काढून पुन्हा इंधन म्हणून वापरायचे, असे धोरण आहे. ट्रॉम्बेचा पहिला प्रक्रिया प्रकल्प १९६४ पासूनचा आहे. प्रक्रियेनंतर उरणारा अतितीव्र किरणोत्सारी द्रव मात्र खरोखर द्रवच असतो आणि या साखळीतला सर्वांत नाजूक टप्पा तोच. म्हणून तो बोरोसिलिकेट काचेत वितळवून मिसळतात आणि स्टेनलेस स्टीलच्या डब्यांत ओततात. काच थिजली की किरणोत्सारी मूलद्रव्ये तिच्या घडणीतच बंदिस्त होतात. ती सांडत नाहीत, उडत नाहीत. असे डबे तारापूरला हवेच्या नैसर्गिक प्रवाहाने थंड राहणाऱ्या तळघरांत ठेवलेले आहेत. याच कचऱ्यातून वेगळे काढलेले सीझियम भाभा अणुसंशोधन केंद्राने रक्तपेढ्यांतल्या रक्तावर किरणांचा मारा करण्याच्या उपकरणांसाठी वापरात आणले आहे. विष किती जालीम आहे, एवढ्यावरून त्याचा अपाय ठरत नसतो. ते माणसाच्या शरीरापर्यंत कोणत्या वाटेने आणि किती मात्रेने पोचते, यावर तो ठरतो. अणुकचऱ्याची सारी व्यवस्था ही वाट अडवण्यासाठी आहे.

कोळशाच्या आणि तेलाच्या बाबतीत ही वाट मुळातच मोकळी ठेवलेली आहे. धुराडे हेच तिथले विल्हेवाटीचे साधन. धूर जितका उंचावर सोडाल तितका दूरवर पसरेल आणि पातळ होईल, यावर सगळी भिस्त. त्यातले सूक्ष्म कण फुप्फुसांच्या तळापर्यंत जातात, तिथून रक्तात उतरतात. हृदयविकार, पक्षाघात, दमा आणि फुप्फुसांचा कर्करोग यांच्याशी त्यांचा संबंध दशकांच्या अभ्यासाने पक्का झाला आहे. बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाने २०१९ मध्ये जगभरात सुमारे ४२ लाख लोक अकाली मेले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यात धूळ आणि शेतातला धूरही धरलेला आहे. केवळ जीवाश्म इंधनांमुळे होणारे मृत्यू किती, यावर मतभेद आहेत, आणि वेगळ्या पद्धतींनी काढलेला हा आकडा वरच्या एकूण अंदाजाहूनही मोठा निघतो: २०२३ च्या एका अभ्यासाने तो ५१ लाखांवर नेला, २०२१ च्या दुसऱ्या अभ्यासाने ८७ लाखांवर. अंदाजांतली ही तफावत मोठी आहे आणि ती झाकून कोणताही एकच आकडा मिरवणे चूक ठरेल. पण सर्वांत कमी आकडा धरला तरी तो लाखांतच राहतो. २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मार्कंड्य आणि विल्किन्सन यांनी युरोपातल्या विजेचा हिशेब मांडला. दर शंभर कोटी युनिटांमागे कोळशाने सुमारे २५ मृत्यू, नैसर्गिक वायूने ३ च्या आसपास आणि अणुऊर्जेने, अपघात धरूनही, ०.१ पेक्षा कमी. आपल्याकडची दाट वस्ती आणि धुरावरचे ढिले नियंत्रण पाहता कोळशाचा आकडा इथे याहून कमी असेल, असे मानायला कोणताही आधार नाही.

मुंबईत हा फरक एकाच परिसरात पाहता येतो. ट्रॉम्बेच्या टेकडीच्या पलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथे संशोधन अणुभट्ट्या चालल्या, इंधनावर प्रक्रिया झाली, कचऱ्याचे काचीकरण झाले. अलीकडे माहुल आहे. तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनांच्या टाक्या आणि औष्णिक वीजकेंद्र यांच्या वेढ्यातले. शहरातल्या प्रकल्पग्रस्तांना जेव्हा माहुलच्या इमारतींत हलवले गेले, तेव्हा त्यांच्या तक्रारी श्वास, त्वचा आणि डोळ्यांच्या होत्या, आणि त्या सगळ्या हवेकडे बोट दाखवत होत्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०२० मध्ये तिथल्या कंपन्यांना कोट्यवधींची भरपाई भरण्याचा आदेश दिला. मुंबईकराला विचारले की या दोन शेजाऱ्यांपैकी धोका कोणाचा, तर बोट बहुधा टेकडीपलीकडे जाईल. या उत्तरात अंदाज चुकतो, त्याहून जास्त नोंदवही चुकते. किरणोत्साराची प्रत्येक गळती ही बातमी असते. धुराची गळती हा तर रोजचा कारभार. माहुलमध्ये दम्याने खंगलेल्या माणसाच्या मृत्यूच्या दाखल्यावर तेल किंवा कोळसा हे कारण कधीच लिहिले जात नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप काळाचा. अणुकचरा हजारो, लाखो वर्षे किरणोत्सारी राहतो. आज वीज आपण वापरायची आणि राखण अजून न जन्मलेल्या पिढ्यांनी करायची, हा कुठला न्याय? यातला नैतिक मुद्दा खरा आहे, पण त्याखालचे विज्ञान बहुतेकदा उलटे समजले जाते. एखाद्या मूलद्रव्याचा अर्धायुकाल, म्हणजे त्याचे निम्मे अणू विरून जायला लागणारा काळ, जितका मोठा, तितका त्याचा किरणोत्सार मंद. फटाका सगळी दारू एका क्षणात उडवतो, उदबत्ती तासभर जळते. दोन्हींत जपून राहायचे ते फटाक्यापासून. आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल आठ दिवस, सीझियम-१३७ चा तीस वर्षे, प्लुटोनियम-२३९ चा चोवीस हजार वर्षे. अणुभट्टीतून काढल्यावर चाळीस वर्षांत वापरलेल्या इंधनाचा किरणोत्सार मूळच्या सुमारे एक हजारांशावर येतो. काही शतकांनंतर उरतो तो मुख्यतः प्लुटोनियमसारख्या जड मूलद्रव्यांचा. त्यांचे किरण कागदाने अडतात. धोका असतो तो ती अन्नात, पाण्यात किंवा श्वासात गेली तर. म्हणजे काही शतकांनंतरचा प्रश्न विषारी धातू भूजलापासून दूर ठेवण्याचा होतो. तो सोपा नाही, पण ओळखीचा आहे. कोळशाच्या राखेतले आर्सेनिक, शिसे, कॅडमियम आणि धुरातला पारा यांना अर्धायुकालच नसतो. ते मूलद्रव्य म्हणून कायमचे असतात, आणि त्यांना लाखो वर्षे राखण्याची मागणी कोणी कधी केल्याचे दिसत नाही. कार्बन डायऑक्साइडचेही तसेच. आज हवेत सोडलेल्या वायूचा मोठा भाग समुद्र आणि वनस्पती काही शतकांत शोषतील, पण एक लक्षणीय हिस्सा हजारो वर्षे वातावरणात राहील. औद्योगिक युगाआधी दर दहा लाख भागांत २८० असलेले त्याचे प्रमाण आता ४२० च्या पुढे गेले आहे. पुढच्या पिढ्यांवर टाकलेले ओझे मोजायचे तर हेही त्याच तागडीत घालावे लागेल.

मग खोल जमिनीखाली पुरलेला अणुकचरा खरोखर जागेवर राहील का? याचे एक उत्तर निसर्गाने आधीच देऊन ठेवले आहे. आफ्रिकेतल्या गॅबॉन देशातल्या ओक्लो इथल्या युरेनियमच्या खाणीत १९७२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांना विखंडनक्षम युरेनियमचे प्रमाण किंचित कमी आढळले. शोध घेता कळले की सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी तिथे भूजलाच्या साहाय्याने नैसर्गिक अणुभट्ट्या लाखो वर्षे अधूनमधून चालू होत्या. त्यांत तयार झालेले प्लुटोनियम जिथे बनले जवळपास तिथेच विरून गेले, तेही पाणी झिरपणाऱ्या खडकात, कोणत्याही डब्याशिवाय. काही हलकी मूलद्रव्ये निसटली, हेही तिथल्याच अभ्यासाने दाखवले. म्हणून एका ओक्लोवरून जगातल्या सगळ्या खडकांची हमी देता येत नाही, पण ‘असे काही होऊच शकत नाही’ हा दावा तरी त्याने मोडतो. दुसरे उत्तर फिनलंडमध्ये आकार घेत आहे. ऑल्किलुओटो बेटावर, एकशे ऐंशी-नव्वद कोटी वर्षे जुन्या खडकात, सुमारे ४३० मीटर खोल बोगदे खणले आहेत. इंधन आधी ओतीव लोखंडाच्या साच्यात, त्यावर तांब्याचे जाड आवरण, त्याभोवती पाणी लागताच फुगून फटी बुजवणारी बेंटोनाइट माती, आणि मग खडक. एक अडसर ढासळला तरी पुढचा उभा राहावा, ही त्यामागची रीत. फिनलंडच्या संसदेने २००१ मध्ये तत्त्वतः मंजुरी दिली, बांधकामाचा परवाना २०१५ मध्ये मिळाला. विशेष म्हणजे तिथल्या कायद्याने स्थानिक नगरपालिकेला नकाराधिकार दिला होता आणि युराजोकीच्या नगरपालिकेने तो वापरला नाही. याउलट अमेरिकेने १९८७ मध्ये नेवाडा राज्यावर युका पर्वताची जागा लादली आणि तो प्रकल्प दोन दशकांच्या भांडणानंतर पैशाअभावी थांबला. खडक दोन्हीकडे होते. गावाला विचारण्याची पद्धत एकीकडेच होती.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. अणुकचऱ्याने अपघात केलेच नाहीत असे म्हणणे हा अणुऊर्जेच्या समर्थकांनी पसरवलेला गैरसमज. २९ सप्टेंबर १९५७ रोजी सोव्हिएत संघातल्या मायाक इथे किरणोत्सारी द्रवाची टाकी शीतकरण बंद पडून फुटली, हजारो लोकांना गावे सोडावी लागली आणि सरकारने ती घटना तीन दशके दडवून ठेवली. अमेरिकेतल्या हॅनफर्डला १७७ भूमिगत टाक्यांत सुमारे २१ कोटी लिटर घातक द्रव साठला आहे. त्यांतल्या काही टाक्या गळल्या आणि त्यांची सफाई अजून संपलेली नाही. जर्मनीत १९६७ ते १९७८ या काळात आसे इथल्या जुन्या मिठाच्या खाणीत कमी आणि मध्यम तीव्रतेच्या कचऱ्याची सव्वा लाखाहून अधिक पिंपे टाकली, खाणीत पाणी शिरू लागले आणि आता ती वर काढायची वेळ आली आहे. या तिन्ही घटना गंभीर आहेत आणि तिन्हींतून एकच धडा निघतो. पहिल्या दोन्ही जागा बॉम्बसाठी प्लुटोनियम बनवण्याच्या घाईत, गुप्ततेच्या आड, बाहेरच्या कोणाच्याही तपासणीविना उभ्या राहिल्या. आसे हा स्वस्तातला चालढकलीचा मामला होता. नागरी वीजकेंद्रांच्या घन इंधनाच्या साठवणीतून किरणोत्सार बाहेर पडून सामान्य नागरिक मेल्याची मात्र नोंद नाही. चेर्नोबिल आणि फुकुशिमा हे चालत्या अणुभट्ट्यांचे अपघात होते. त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. आपल्याकडे २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारवाल्याकडे कोबाल्ट-६० पोचून एकाचा जीव गेला, तो एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या उपकरणातून. ज्या वस्तूची नोंद सुटली, तिनेच घात केला.

समर्थकांच्या बाजूनेही गैरसमज पसरतात आणि त्यांना सूट देता येणार नाही. ‘कोळशाची राख अणुकचऱ्यापेक्षा जास्त किरणोत्सारी असते’ हे वाक्य सर्रास फिरते. त्याचे मूळ १९७८ च्या एका शास्त्रीय लेखात आहे. कोळशात मुळातच थोडे युरेनियम आणि थोरियम असते, आणि सुरळीत चालणाऱ्या दोन केंद्रांपैकी कोळशाच्या केंद्राच्या धुरातून शेजाऱ्यांना मिळणारी मात्रा अणुकेंद्रापेक्षा जास्त भरू शकते, एवढाच तो दावा होता. दोन्ही मात्रा नैसर्गिक पार्श्वभूमीपुढे क्षुल्लक होत्या. राख आणि वापरलेले इंधन यांची तुलना त्यात नव्हती; तशी केली तर राख कुठेच टिकणार नाही. कोळशाचा खरा गुन्हा किरणोत्सार हा नाही, कण आणि वायू हा आहे. खोटे कलम लावून खटला जिंकण्याची गरज नाही. तसेच कमी मात्रेच्या किरणोत्साराबद्दलही. माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळतेच. केरळच्या करुनागपल्ली किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे ती कित्येक पट जास्त आहे, आणि तिथल्या रहिवाशांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ अभ्यासात त्यामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. यावरून किरणोत्सार निरुपद्रवी ठरत नाही. मात्रा न विचारता घाबरणे आणि मात्रा न विचारता धीर देणे, दोन्ही सारखेच उथळ, एवढे ठरते.

तरी भीती का टिकते? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये दाखवले की लोक धोका मोजताना मृत्यूंची संख्या मोजत बसत नाहीत. धोका अनोळखी आहे का, आपल्यावर लादलेला आहे का, एका फटक्यात अनेकांना नेणारा आहे का, याने मन ठरते. अणुशक्ती जगाला हिरोशिमातून भेटली. कोळसा चुलीतून आणि आगगाडीतून. ही मानसिक बैठक समजून घेतली तरी भारतात भीतीला आणखी एक, पुरेपूर समंजस कारण आहे: अविश्वास. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने माहिती दडवायला मोठी मोकळीक दिली. अणुऊर्जा नियामक मंडळाला पुरेशी कायदेशीर स्वायत्तता नाही, असा ठपका महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात ठेवला. जैतापूरला ९९०० मेगावॉटचा प्रकल्प आणताना जमीन, मासेमारी आणि भूकंपाबद्दलचे प्रश्न गावकऱ्यांनी विचारले, तेव्हा त्यांना उत्तरांऐवजी बंदोबस्त मिळाला. एप्रिल २०११ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एकाचा बळी गेला. काचीकरणाचे तंत्र कितीही पक्के असो, अशा वागणुकीनंतर ते कोणाला पटावे? शिवाय या उद्योगाचा जो कचरा माणसांच्या सर्वांत जवळ असतो, त्याची चर्चा सर्वांत कमी होते. झारखंडमधल्या जादूगोडा इथे युरेनियमचे धातुक काढल्यावर उरणारा गाळ तळ्यांत साठतो आणि आसपासच्या आदिवासी गावांच्या तक्रारी जुन्या आहेत. तारापूरच्या काचेच्या डब्यांवर दहा लेख निघतात, तेव्हा जादूगोडाच्या गाळावर एखादा निघतो. भीतीही चुकीच्या जागी खर्च झाली की खरी देखरेख उपाशी राहते.

शेवटचा आक्षेप आजचा आहे: सूर्य आणि वारा स्वस्त झाले असताना हा वाद हवाच कशाला? सौर आणि पवन ऊर्जेचे मृत्यूंचे माप अणुऊर्जेइतकेच खाली आहे आणि ती जितकी वाढेल तितकी हवीच. पण प्रत्यक्षात निवड कशी होते, हे जर्मनीने दाखवले. २०११ नंतर त्या देशाने अणुभट्ट्या झपाट्याने बंद केल्या, शेवटच्या तीन १५ एप्रिल २०२३ रोजी. सुरुवातीच्या वर्षांत गेलेल्या विजेची जागा बऱ्याच अंशी कोळशाने भरली, आणि त्या धुराने वर्षाला सुमारे अकराशे जादा मृत्यू झाले असावेत, असा अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. अपारंपरिक वीज पुढे वाढली हे खरे, पण कोळसा आधी आणि अणुभट्ट्या नंतर बंद केल्या असत्या तर ती माणसे वाचली असती. भारतात आजही सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशाची आहे आणि अणुऊर्जा तीन टक्क्यांच्या आसपास. इथे अणुकचऱ्याच्या भीतीने थांबलेला प्रत्येक निर्णय कोळशाच्या बाजूनेच मोजला जातो, मग थांबवणाऱ्याचा हेतू काहीही असो. अणुऊर्जा महाग आहे, तिला वेळ लागतो, हे आक्षेप जागेवर राहतात आणि त्यांवर वाद व्हावा. त्या वादात कचऱ्याला हुकमाचे पान म्हणून खेळू नये, एवढेच म्हणणे आहे.

या पुस्तकातून वाचकाने अणुऊर्जेच्या बाजूने व्हावे अशी अट नाही. मागणी वेगळी आणि जास्त कठीण आहे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांना सल्फर डायऑक्साइड रोखण्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. ती पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना ती यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी असते, हे एक कारण दिले गेले. ते कारण तपासून पाहण्याजोगे आहे. पण एखाद्या अणुकेंद्राने कचरा रोखण्याची यंत्रणा दहा वर्षे लांबवली असती आणि शेवटी ती नकोच असे ठरले असते, तर देशात काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी. अणुकचऱ्यावर आपण जी सक्ती केली ती योग्यच आहे: प्रत्येक किलोची नोंद ठेवा, तो कुठे आहे ते सांगा, तो हवेत किंवा पाण्यात जाऊ देऊ नका, आणि हा सगळा खर्च विजेच्या दरात धरा. ही सक्ती ढिली करण्याचे कारण नाही. उलट ती जादूगोडाच्या गाळापर्यंत आणि नियामकाच्या स्वायत्ततेपर्यंत पोचली पाहिजे. तीच चार कलमे आता चंद्रपूरच्या धुराड्याला, कोराडीच्या राखेला आणि माहुलच्या हवेला लावा. त्या दिवशी कोळशाच्या युनिटचा खरा भाव बिलावर दिसेल, आणि कोणते इंधन परवडते हा वाद भीतीच्या जोरावर न होता आकड्यांवर होईल.